उशाशी बसलेल्यांसाठी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाई शिक्षिका होत्या. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी आज शिकवणार आहे. मी परिचारिका. रुग्णालयातली नोकरी संपल्यापासून लोकांच्या घरी जाते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी कसं करायचं ते घरच्यांना दाखवते. आजचा विषयही तोच.

या सभागृहात असे किती जण आहेत, ज्यांच्या घरी आत्ता कुणीतरी पडून आहे? हात वर करू नका. ज्यांच्यासाठी मी बोलणार आहे, त्यांतले बरेचसे इथे आलेलेच नाहीत. दोन तास घरी कुणाला बसवायचं, हा प्रश्न त्यांना सुटला नाही. जे आलेत, त्यांचं अर्धं लक्ष फोनकडे आहे. हे भाषण छापून घरोघर जाणार असं संयोजकांनी सांगितलं, म्हणूनच मी होकार दिला.

आपल्याकडे घरी शुश्रूषा करणाऱ्याचं कौतुक फार होतं. "किती करते हो सासूचं!" "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं!" कौतुक करा, पण कौतुकानं तिची पाठ दुखायची थांबत नाही आणि त्याची राहिलेली झोप भरून येत नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच: घरची शुश्रूषा हे काम आहे. ते शिकावं लागतं, आणि ते एकट्यानं करायचं नसतं.

आधी शिकण्याबद्दल.

रुग्णालयातून सोडतात त्या दिवशी हातात फाइल येते, औषधांची पिशवी येते, आणि कुणीतरी सांगतं, "घरी नेऊन काळजी घ्या." काळजी घ्या म्हणजे नेमकं काय करा? कूस कशी बदलायची? नाकातल्या नळीतून पेज कशी सोडायची? अंगानं भरलेला माणूस खुर्चीत कसा बसवायचा? घरी नेण्याच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरना गाठा. त्यांना घाई असेल, तरी गाठा. "आम्हाला दाखवा" म्हणा, आणि नुसतं बघू नका, त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं करून बघा. घरातल्या दोघांनी तरी हजर राहा. एकालाच शिकवलं की काम त्या एकाच्याच गळ्यात पडतं, आणि कायमचं पडतं.

पडून असलेल्या माणसाला मूळ दुखण्याइतकाच धोका एकाच जागी पडून राहण्याचा असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा रोज उजेडात बघायच्या. लाली दिसली तर बोटानं दाबून बोट उचला. जागा पांढरी पडून परत लाल झाली, तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिली, तर जखमेची सुरुवात झाली आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पुष्कळदा दिसतही नाही. तिथे कातडी जांभळट दिसते, हाताला गरम किंवा कडक लागते.

उपाय बिनखर्चाचा आहे. दिवसा दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर वळवायला नको. पाठीमागे उशी सरकवून थोडं कलतं ठेवलं तरी पुरतं. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. सरकवताना ओढू नका. अंगाखाली दुहेरी घडीची चादर ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून चादरीसकट उचला. हवेची गादी जरूर आणा, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. रात्री किती वेळानं बदलायची, हे डॉक्टरांना किंवा सिस्टरना जखम असेल तर ती दाखवून, गादी कोणती आहे ते सांगून ठरवा. मधे भोक असलेली रबरी चकती मात्र आणू नका, तिच्या कडांनीच भोवतालचं रक्त अडतं. आणि लाल झालेली जागा चोळू नका. पूर्वी नर्सिंगमध्येही पाठीला स्पिरिट आणि पावडर चोळायला शिकवत. आता शिकवत नाहीत, कारण स्पिरिटनं कातडी कोरडी पडते आणि चोळल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं. घराघरांत ते अजून चालू आहे, आणि मोठ्या मायेनं चालू आहे. म्हणून मुद्दाम सांगते.

आता भरवणं. आजाऱ्याला पातळ द्यावं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पक्षाघाताच्या रोग्याच्या बाबतीत हे उलटं पडू शकतं. गिळण्याचे स्नायू मंदावलेले असतात आणि पाणी वेगानं घशात उतरतं. ते चुकून श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. सगळ्यात अवघड काय, तर पातळ आमटीत कालवलेला भात! आमटी आधी निघून जाते, शितं तोंडात राहतात, आणि त्या माणसाला एका घासात दोन वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यापेक्षा एकजीव घोटलेली घट्ट खिचडी, घट्ट लापशी, घोटलेला दहीभात बरा. काय चालेल आणि किती घट्ट हवं, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला विचारा. अशी तपासणी असते, हेच पुष्कळ घरांना माहीत नसतं.

झोपवून भरवू नका. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. लहान चमचा घ्या. घास गिळला हे बघूनच पुढचा द्या. जेवताना ठसका लागतो का, जेवणानंतर आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा येतो का, तिकडे कान ठेवा, कारण दोन्ही धोक्याच्या खुणा आहेत. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो काढा. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. दात आणि जीभ दोन वेळा स्वच्छ करा, कारण तोंडातली घाणच फुफ्फुसात उतरते. आणि ग्लानीत असलेल्या माणसाच्या तोंडात काही म्हणजे काही घालू नका. गंगाजलसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट उठवण्याची. एका घरी दोन धडधाकट मुलगे वडिलांचे दोन्ही हात धरून त्यांना उठवत होते. एक हात लुळा होता. स्नायू सैल पडलेले असले की असा हात ओढल्यावर खांदा निसटतो, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. लुळ्या हाताला धरून कधीही उठवू नका. आधी कुशीवर वळवा, मग पाय पलंगावरून खाली सोडा, मग बसवा, आणि दोन मिनिटं तसंच बसू द्या, नाहीतर एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येते. उभं करताना कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरा. स्वतःच्या कमरेतून वाकू नका, गुडघ्यांतून वाका. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवा. हे सगळं करून दाखवायला फिजिओथेरपिस्टला एकदा तरी घरी बोलवा. तो खर्च वाया जाणार नाही.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. काठोकाठ भरू देऊ नका, आणि तिला हात लावण्याआधी व नंतर हात साबणानं धुवा. ताप आला, लघवी थांबली, रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. न्हाणीघराला आतून कडी नको. भिंतीला पकडायला दांडा, पायाखाली रबरी चटई, रात्री वाटेवर छोटा दिवा. सगळ्या औषधांची एकच यादी कागदावर करा आणि तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. गोळ्या परस्पर कुटून देऊ नका, काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात. मधुमेहाच्या माणसानं जेवण टाकलं, तर इन्सुलिन किंवा गोळी नेहमीसारखी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि यातलं सामान विकतच घ्यायला हवं असं नाही. आपल्याकडे पुष्कळ गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. वॉकर, कमोडची खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारा फाउलर बेड, हवेची गादी अनामत ठेवून नाममात्र भाड्यानं मिळते. आधी तिथे विचारा.

शरीराचं हे शिकता येतं. मनाचं जास्त कठीण.

स्मृतिभ्रंशाबद्दल बोलते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरात सुमारे सात माणसांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं. संध्याकाळ झाली की आजी स्वतःच्याच घरात म्हणते, "मला घरी जायचंय." मुलगी समजावते, "आई, हेच तुझं घर." आजी चिडते. रोज चिडते. किंवा नव्वदीचे आजोबा विचारतात, "आई कुठंय माझी?" आणि नातू खरं बोलायचं म्हणून सांगतो, "पणजी कधीच वारल्या." तुमच्या लक्षात येतं का काय होतं ते? ती बातमी आजोबांना त्या क्षणी नव्यानं कळते. दर वेळी नव्यानं कळते. खरं सांगण्याचा हट्ट इथे सोडा. "आईची आठवण येतेय का? कशी होती ती? काय करायची तुमच्यासाठी?" असं विचारा. घरी जायचं म्हणणाऱ्या आजीला तो पत्ता नको असतो. तिथलं निर्धास्तपण हवं असतं. तिचा हात धरा, दिवे लावा, तिच्या हाताला जुनं ओळखीचं काम द्या. मटार सोलू द्या, वाती वळू द्या. वाद घालू नका. आणि त्यांच्या खिशात किंवा मनगटावर नाव आणि फोन नंबर असू द्या, कारण एक दिवस दार उघडं राहतंच.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी जरूर पाहावा. संस्कृतचे गाढे पंडित असलेले वडील, मोहन आगाशे यांनी केलेले, हत्तीच्या मागे चालत निघून जातात, आणि माहुताची बायको त्यांना सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊक नाही, त्यामुळे काय हरवलं हेही ठाऊक नाही. समोर जो माणूस आहे त्याला ती खाऊ घालते, जवळ घेते. मुलीला मात्र पूर्वीचे वडील आठवतात, म्हणून तिची ओढाताण होते. ही मुलगी कमी प्रेमळ आहे का? मुळीच नाही. जवळच्याला जास्त लागतं, इतकंच.

म्हणून आता उशाशी बसलेल्या माणसाकडे वळते.

एका घरची सून मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, कधीकधी वाटतं सुटावं एकदाचं. असं मनात येणारी मी राक्षसीण आहे का?" ही बाई कित्येक वर्षं सासऱ्यांचं सगळं करत होती, त्यांच्या पाठीवर एक जखम नव्हती. मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. असा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो. तो दुष्टपणातून येत नाही, थकव्यातून येतो. राग येतो, आणि तोही येणारच. रात्री चौथ्यांदा चादर बदलताना कुणाला राग येणार नाही? प्रश्न रागाचं काय करायचं, हा आहे. हात उगारावासा वाटला, घास कोंबावासा वाटला, तर रोग्याला सुरक्षित झोपवा, कठडा लावा आणि खोलीबाहेर जा. तोंडावर पाणी मारा. कुणाला तरी फोन करा. कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ आहे. हे दोन आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि स्वतःचं बघा. तुमचा रक्तदाब शेवटी कधी मोजला? तुमच्या गोळ्या वेळेवर होतात का? सलग पाच तास झोप कधी मिळाली होती? रोग्याच्या फाइलशेजारी तुमची स्वतःची एक फाइल ठेवा. गाण्याचा क्लास, भिशी, सकाळचं फिरणं, देवळात जाणं यातलं निदान एक काही चालू ठेवा. "मला कुठे वेळ!" हे उत्तर मी रोज ऐकते. वेळ नाही, हे खरंच आहे. तो दुसऱ्या कुणीतरी द्यायला हवा. आता त्या दुसऱ्या कुणाबद्दल.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभरातल्या लोकांच्या दिवसाचा हिशेब घेतला. घरच्यांची देखभाल करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ७६ मिनिटं, असं निघालं. यात मुलांना सांभाळणंही आलं. शिवाय स्वयंपाक-धुणी-भांडी वेगळी. त्यात बायकांची २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७.

आणि कायदा काय म्हणतो? आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा आहे. त्यात अपत्य म्हणजे कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. पुन्हा सांगते, सून त्या यादीत नाही. ज्या बाईवर आपण सगळं टाकतो तिच्यावर कायद्यानं ते टाकलेलं नाही, ते मुलावर आणि मुलीवर टाकलं आहे. सुनेनं करू नये असं मी म्हणत नाही. ती करते ते तिनं आपणहून दिलेलं आहे, आणि मुलानं केलं तर ते त्याचं कर्तव्य आहे. घरात मात्र आपण उलटं मोजतो. मुलानं वडिलांना एकदा अंघोळ घातली की गावभर चर्चा, आणि सून रोज डायपर बदलते त्याची दखलही नाही!

पुरुषांना हे जमत नाही, असं कुणी म्हणू नका. बँकेतून निवृत्त झालेले एक काका मला माहीत आहेत. बायकोला पार्किन्सन्स आहे. काका वेणी घालायला शिकले, साडीऐवजी घालायच्या गाऊनची बटणं काढून त्याला चिकटपट्ट्या शिवून घ्यायला शिकले, आणि आता पार्किन्सन्सच्या स्वमदतगटात नव्या माणसांना शिकवतात. पुण्यात असं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या कुटुंबांसाठीही संस्था आहे. अशा गटात एकदा जाऊन बसा. तिथे तुम्हाला पहिल्यापासून काही समजावून सांगावं लागत नाही.

परगावी, परदेशी असलेल्या भावाबहिणींशीही बोलायचं आहे. हे भाषण तुमच्यापर्यंत कुणीतरी पाठवेलच. तुम्ही फोन करता, वडिलांची चौकशी करता, नवं औषध सुचवता. औषध डॉक्टर सुचवतील. तुम्ही रात्रपाळीच्या मावशींचे किंवा मामांचे पैसे स्वतःहून, दरमहा, न मागता पाठवा. विम्याचे कागद, बँकेची कामं, औषधांची ऑर्डर अंगावर घ्या, हे अमेरिकेतूनही होतं. फोनवर वडिलांच्या आधी बहिणीची चौकशी करा. आणि वर्षातून पंधरा दिवस येता, ते पाहुणे म्हणून येऊ नका. या, काम शिकून घ्या आणि वहिनीला माहेरी पाठवा. देखभालीसाठी नर्सिंग ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींबद्दल एकच सांगते. बारा तास काम करणाऱ्या बाईला बसायला जागा, वेळेवर चहा-जेवण, वापरायला संडास आणि आठवड्याची सुट्टी द्या. तिच्याही घरी कुणीतरी तिची वाट बघत असतं.

शेवटचा मुद्दा. घरानं वाटून घेतलं तरी पुरत नाही. गावानंही वाटून घ्यायला हवं. हे स्वप्नरंजन नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशामक सेवा सुरू केली. पुढे लोकांच्या लक्षात आलं की रोगी तर घरी आहेत, मग सेवा घरी गेली पाहिजे. गल्लीतली माणसं प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे काही तास देऊ लागली. कुणी जखम धुतं, कुणी औषध आणून देतं, कुणी नुसतं बसतं. २००८ साली राज्यानं त्याचं धोरण केलं आणि पंचायतींना त्यात जबाबदारी दिली. अंथरुणाला खिळलेल्याची देखभाल करणाऱ्याला दरमहा थोडी रक्कम देणारी योजनाही तिथे आहे. रक्कम लहान आहे, पण त्या माणसाचं नाव सरकारी कागदावर आलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला अशाच सेवेसाठी शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी मोठं काम झालं. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्या दाराशी कोण जाणार?

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात देखभाल करणाऱ्याची व्याख्या आहे, पैसे न घेता करणारे आईवडील आणि घरचे त्यात धरले आहेत, आणि जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याचाही उल्लेख आहे. आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा, हा भत्ता आमच्या तालुक्यात किती जणांना मिळतो? दर सभेत विचारा. उत्तर येईपर्यंत विचारा.

आणि तोवर आपल्या हातात आहे ते आजच करू. संयोजकांनी माझी एक विनंती मान्य केली आहे. बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. एका पानावर, ज्यांच्या घरी कुणी पडून आहे त्यांनी पत्ता लिहायचा. शेजारचं घर ठाऊक असेल तर त्यांना विचारून त्यांचाही लिहायचा. समोरच्या पानावर, ज्यांना आठवड्यातले दोन तास देता येतील त्यांनी नाव, फोन आणि वार लिहायचा. दोन तास त्या घरी जाऊन बसायचं, म्हणजे तिथल्या माणसाला बाहेर पडता येईल. बसण्यापूर्वी काय यायला हवं ते मी शिकवीन. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात पहिला वर्ग आहे, शुल्क नाही. पुरुषांनी जरूर यावं. जाताना वहीत नाव लिहून जा.